तपासणीच्या आदल्या दिवशी

त्या शुश्रूषा केंद्रात काहीतरी वाईट सापडावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. तपासणी करणाऱ्यानं असं बोलू नये, पण आता लपवण्यासारखं काही राहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बायकोला, सारजाला, पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. माझ्या मुलानं, सौरभनं, बारामतीच्या अलीकडचं हे केंद्र शोधून काढलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना तिथं ठेवून घेतात. मी म्हणालो, "आपल्यात माणूस बाहेर टाकत न्हायत."

सौरभ म्हणाला, "तात्या, टाकायचं कुठं म्हणतोय मी? तितं दर दोन तासाला कूस बदलत्यात."

"मग मी काय झोपा काढतोय व्हय?"

काढतच होतो. पण ते मला तेव्हा कुणी विचारलं नाही. सात महिने मी सारजाला भरवलं, पुसलं, तिची लुगडी धुतली. शेवटी माकडहाडाजवळ जखम झाली, ती खोल गेली, ताप चढला आणि ती गेली. दहाव्याला भावकीतलं कुणीतरी म्हणालं, "असा नवरा मिळायला नशीब लागतं." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. मला ते ऐकून बरं वाटलं होतं, एवढंच.

सौरभ त्या जखमेबद्दल एक अक्षर बोलला नाही. तो बोलला असता तर मी भांडलो असतो. न बोलणाऱ्याशी कसं भांडायचं?

तेव्हा ते केंद्र चांगलं असेल तर मी चुकलो होतो, आणि वाईट असेल तर मी बरोबर होतो. असा माणूस तपासणीला नेमू नये. पण नेमणारे होते बापूसाहेब.

केंद्र चालवणारी संस्था दरवर्षी बाहेरच्या तिघांकडून तपासणी करून घेते. एक डॉक्टर, एक निवृत्त नर्स आणि एक साधा नागरिक. साध्या नागरिकासाठी त्यांनी आमच्या दूध संस्थेतल्या बापूसाहेबांना विचारलं. मी एकतीस वर्षं वरकुटे गावच्या दूध संकलन केंद्रावर दूध तपासलं. एकदा चारचौघांत बापूसाहेबांचंच दूध पाणी घातलेलं म्हणून परत पाठवलं होतं. तेव्हा ते वर्षभर माझ्याशी बोलले नव्हते. आता म्हणाले, "दादासो, तुझ्याइतका खडूस माणूस तालुक्यात न्हाय. तूच जा."

मी तो मान समजलो.

तपासणी गुरुवारी होती. मी बुधवारीच गेलो. सांगून तपासलं तर दुधात पाणी कधीच निघत नाही, हे मला एकतीस वर्षांत कळलं होतं. कापडी पिशवीत बॅटरी, मोजपट्टी आणि दुधाचा थर्मामीटर घेतला. आंघोळीचं पाणी किती गरम असतं, ते बघायचं होतं. एसटीत बसल्या बसल्या मी मनात अहवाल लिहीत होतो. घाण, दुर्लक्ष, उद्धट वागणूक. सगळे शब्द तयार होते, फक्त जागा बघायची राहिली होती.

दारातच हिरव्या कपड्यातली एक बाई भेटली. तिशी-पस्तिशीची. छातीवर नाव लिहिलं होतं, मनिषा.

"या आबा. लोणी भापकरचे ना? एकटेच आलात? पोरगा गाडी लावतोय वाटतं."

मी म्हणालो, "न्हाय. मी पेशंट न्हाय."

"व्हय, व्हय," ती म्हणाली, "हितं कुणीच पेशंट नसतंय. बसा."

नंतर कळलं की लोणी भापकरहून सोनबा नावाचे एक म्हातारे येणार होते. त्यांच्या मुलानं फोनवर बजावून सांगितलं होतं की आमचे आबा हट्टी आहेत, पेशंट असल्याचं कबूलच करणार नाहीत. म्हणजे मी जितकं नाही म्हणेन तितका मी सोनबा ठरणार होतो.

मी दुसऱ्यांदा नाही म्हणालोच नाही. आतून बघायला मिळतंय तर बघावं, असा विचार केला. स्वतःची हुशारी मला फार आवडली. चाकाच्या खुर्चीत बसेपर्यंत ती टिकली.

मनिषानं पिशवी उघडून एकेक वस्तू वहीत लिहून घेतली. "हा थर्मामीटर कसला, आबा?"

"दुधाचा."

"बरं," ती म्हणाली, आणि वहीत काहीतरी जास्तीचं लिहिलं. माझ्या डोक्याबद्दल असणार.

मला पलंगावर बसवून ती पाणी आणायला गेली. शेजारच्या पलंगावर अप्पा नावाचे गृहस्थ होते. पायात सळई घातलेले, बोलायला आसुसलेले. हाच साक्षीदार, असं मी ठरवलं.

"अप्पा, हितं हाल करत असतील न्हाय?"

"लय हाल," अप्पा म्हणाले.

मी पुढं सरकलो. "मारत्यात का?"

"चहात साखर घालत न्हायत. भाजीला मीठ न्हाय. आन ती मनिषा रोज चालायला लावती. दारापर्यंत जाऊन परत! मी म्हटलं, दारापर्यंत न्यायचं आन सोडायचं न्हाय, ह्याला काय अर्थ हाय?"

"उपाशी ठेवत्यात?"

"आवो, खायला बसलं की उठू देत न्हायत. तुमाला कुठल्या तुरुंगात आल्यासारखं वाटतंय काय? पोरानं काय सांगितलंय तुमाला?"

साक्षीदार फुटला. मी संडासात जाऊन बघितलं. भिंतीवरची धरायची दांडी हलत होती. मी ती तीनदा हलवून बघितली. एखाद्याला हरवलेली अंगठी सापडावी तसा आनंद झाला.

परत आलो तर मनिषा पायाशी पाण्याची परात घेऊन बसली होती. आधी तिनं स्वतःचं कोपर पाण्यात बुडवून बघितलं. माझा थर्मामीटर टेबलावर तसाच पडलेला. तिनं माझे पाय धुतले, पुसले आणि टाचा उजेडात धरून नीट बघितल्या.

"टाचा कशाला बघता?" मी विचारलं.

"नवीन माणूस आलं की आधी टाचा, मग कंबर, मग माकडहाड. तितं लाल दिसलं की समजायचं, आतनं सडायला लागलंय. दिसायच्या आधीच धरायचं असतंय. वळा जरा, सदरा वर करते."

"मी हिंडता-फिरता माणूस हाय."

"हायच. तरी बघती." मग भिंतीवरचा तक्ता दाखवून म्हणाली, "त्या पलीकडच्या आजी बघा. दर दोन तासाला कूस. सही केल्याशिवाय कुणी जेवायला जात न्हाय. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं? आबा, तुमच्यात म्हस खाली बसली, उठंना झाली, तर काय करता?"

हा प्रश्न माझ्या धंद्यातला होता. मी सरसावून बसलो. सांगितलं की आधी डॉक्टरला बोलवायचं, कॅल्शियमची सलाईन लावायची. पण खरं काम पुढं असतं. खाली वैरण अंथरायची, वर पोती टाकायची. एका अंगावर जनावर ठेवायचं नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, चौघांनी धरून कूस पालटायची. नाहीतर खुब्याला जखम पडते, जखमेत किडे पडतात, आणि मग देव आला तरी जनावर उठत नाही. माझी एक म्हैस नऊ दिवस बसली होती. नऊ दिवस मी गोठ्यात राहिलो आणि दहाव्या दिवशी ती उठली. गाव बघायला आलं होतं.

"नऊ दिवस!" अप्पा म्हणाले. "लय केलंत."

मी आणखी सांगणार होतो. पण नजर भिंतीवरच्या तक्त्यावर गेली.

सारजाला मी कुशीवर वळवायला गेलो की ती कण्हायची. डाव्या हातानं खूण करायची, राहू द्या. आणि मी राहू द्यायचो. तिला त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला सांगायचो. त्यात माझाही त्रास वाचायचा. म्हशीनं मला राहू द्या म्हटलं नव्हतं.

"आबा, काय झालं?" मनिषानं विचारलं.

"एक विचारतो. एक बाई होती. सात महिने पडून. तिला हितं आणली असती तर ती वाचली असती का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. ती हुशार होती. कोण बाई, हे तिनं विचारलं नाही.

"ते न्हाय सांगता येत," ती म्हणाली. "पण दुखलं कमी असतं."

तेवढ्यात बाहेरून आरडाओरडा ऐकू आला, "मी पेशंट न्हाय! सांगून ठेवतो, मी पेशंट न्हाय!" खरे सोनबा आले होते. मनिषानं दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी खिशातून समितीचं पत्र काढलं. एकतीस वर्षं मी लोकांची लबाडी पकडली, पण अनवाणी पलंगावर बसून स्वतः पकडला जाण्याची ही पहिलीच वेळ. तिनं पत्र वाचलं, घडी घालून परत दिलं.

"पाय कोरडे करा," ती म्हणाली. "बोटांत ओल राहिली की चिखल्या होत्यात."

दुसऱ्या दिवशी समितीबरोबर गेलो तेव्हा शाल, नारळ आणि गुलाब. मला गुलाब द्यायचा मान मनिषाला होता. अप्पा मोठ्यानं म्हणाले, "ह्यांना कालच सोडलं ना? आज परत ॲडमिट?" डॉक्टर हसले, नर्सबाई हसल्या. मीही हसल्यासारखं केलं.

तपासणीच्या फॉर्मात मी लिहिलं की संडासातली दांडी हलते, लगेच पक्की करा. पुढं लिहिण्यासारखी चूक नव्हती. शेवटचा प्रश्न होता, 'तुमच्या घरचं माणूस इथं ठेवाल का?' डॉक्टरांनी पटकन होय लिहिलं. मला वेळ लागला. नर्सबाईंना वाटलं, मी अक्षर लावतोय. मी होय लिहिलं आणि सही केली.

संध्याकाळी एमआयडीसीतली पाळी संपवून सौरभ मला न्यायला आला. मी मोटारसायकलवर मागं बसलो होतो. त्याचं तोंड दिसत नव्हतं, म्हणूनच बोलता आलं.

"सौरभ, तू म्हणत होतास ते बरोबर होतं. तुझ्या आईला हितं आणायला पाहिजे होतं. मी चुकलो."

उसाची एक ट्रॉली गेली, मग दुसरी. मग त्यानं गाडी कडेला घेतली, पण मागं वळला नाही.

"मीबी कधी चादर उचलून बघितली न्हाय, तात्या," तो म्हणाला. "वास यायचा. मी दारातनंच विचारायचो, बरी हाय का."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं तोच म्हणाला, "आन हितं आणली असती तरी तुमी रोज येऊन बसला असता. त्या पोरींना काम करू दिलं नसतं."

"न्हायच दिलं असतं," मी म्हणालो.

त्यानं गाडी चालू केली.