आवाजाचं वजन

मी बोलतोय तो संगणकाच्या कचरापेटीतून. नाक मुरडू नका, मी एक घरगुती व्हिडिओ आहे, आणि आत्ता माझं डोकं जाम तापलंय.

टिल्लीनं पहिलं पाऊल टाकलं त्या सकाळी बाबांनी मला जन्म दिला. समोर सतरंजी, तिच्या टोकाला गुडघे टेकून बसलेली आई, आणि तिची एकसारखी हाक, "ये गं ये, ये माझ्याकडे! पडत नाहीस, ये!" टिल्ली पोचली. आनंदाच्या भरात बाबा मला बंद करायलाच विसरले, आणि मी तासभर टेबलाचा पाय टिपत बसलो. माझं अंग सुटलं ते असं.

पुढं टिल्लीला कळू लागायच्या आधीच आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आई वाचली, आवाज गेला. तेव्हापासून या घरात जुने व्हिडिओ आवाज बंद करूनच बघतात. का, तर तिला वाईट वाटायला नको! तिला विचारलं का कुणी? विचारायचं नाव नको.

आज संगणक भरला आणि बाबा माझ्यामागं हात धुऊन लागले. "साइज कमी झाली पाहिजे, पण क्वालिटी तसूभर कमी होता कामा नये." अहो, मग तो टेबलाचा पाय कापा ना! ते नाही सुचलं. माझी आवळून-चेपून नक्कल काढली आणि डोळ्यांत तेल घालून आम्हा दोघांना ताडून पाहिलं. टिल्लीच्या फ्रॉकचं बटणसुद्धा तपासलं. पण 'आवाज वगळा' या चौकटीत त्यांनी आधीच खूण केली होती. "नाहीतरी ऐकतंय कोण," म्हणाले. सगळं वजन चित्राचं असतं हो, आवाजाचं ते कितीसं? चिमूटभर! तेवढ्यासाठी नक्कल मुकी केली आणि मला इथं फेकलं.

आता कचरापेटी रिकामी करायला निघालेत. शेजारी टिल्ली नक्कल बघतेय.

"बाबा, आईचं तोंड हलतंय. काय म्हणतेय ती?"

बाबा आवाज वाढवतात. आणखी वाढवतात. अहो, नाहीच तर येणार कुठून?

"तुला बोलावतेय," ते पडलेल्या चेहऱ्यानं म्हणतात.

"कशी?"

दारातून आई तरातरा येते. बाबांच्या हातातला माउस ओढून घेते, मला कचऱ्यातून वर काढते, सुरू करते आणि आवाज पार मोठा करते.

"ये गं ये, ये माझ्याकडे!"

टिल्ली दचकून इकडंतिकडं बघते. "ही कोण बोलतेय?"

आई स्वतःच्या छातीवर बोट ठेवते.

बाबा, रडायचं ते नंतर रडा, आधी तिला ऐकू द्या. आणि मघाशी टेबलाचा पाय कापा म्हणालो ना, ते रागाच्या भरात. त्या पायामागं तासभर तीच बोलतेय, तीच हसतेय. हात जोडतो, काही कापू नका.