अळणी महिना

लिंगपूजा झाल्याशिवाय मी पाण्याचा घोटही घेत नाही, हे आमच्या लेकीला, चंद्रिकेला ठाऊक आहे. म्हणून त्या रविवारी ती लॅपटॉप मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गप्प बसून होती. मी पूजा आटोपून उठले, तशी म्हणाली, "अव्वा, आता ऐक. तू हो म्हणालीस तरच मी हे तिथं बोलणार."

तिथं म्हणजे बेंगळुरूला. बायपोलरच्या आजारावर काम करणाऱ्या नव्या संशोधकांना एक संस्था दरवर्षी पुरस्कार देते. यंदा तो आमच्या पोरीला मिळालाय. येत्या शुक्रवारी तिला दहा मिनिटं बोलायचंय.

आजार आमच्या घरचाच. यांचं नाव मी घेत नाही. भवानी पेठेत सगळे यांना वीरभद्रप्पा चादरवाले म्हणतात. मन उसळलं की चार-चार रात्री झोप नाही, दुकानातल्या चादरी रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटून टाकायचे. आणि बसलं की आठ-आठ दिवस भिंतीकडे तोंड. लिथियमच्या गोळीनं दोन्ही ताळ्यावर आलं, देवाची कृपा.

चंद्रिका वाचू लागली. "'सहा वर्षांपूर्वी श्रावणात एका बाईनं नवऱ्याचा आजार जावा म्हणून महिनाभर अळणी जेवायचं व्रत धरलं. नवराही प्रेमानं तिच्यासोबत अळणी जेवू लागला. त्याला लिथियम चालू होतं…'"

"बास," मी म्हणाले. "नको बोलूस."

"तुझं नाव कुठं घेतलंय मी?"

"एक बाई म्हणालीस ना? ती बाई मीच."

मी परातीत ज्वारीचं पीठ ओढलं आणि भाकरी थापायला घेतली. हात चालत होते, मन त्या श्रावणात गेलं होतं. मीठ एकदम तुटलं की ती गोळी अंगात साचत जाते, हे मला कुठलं माहीत! तिसऱ्या आठवड्यात यांचा हात थरथरायला लागला, कपबशी धरवेना, जीभ जड झाली. मला वाटलं, आजारच उलटला. मग मी घड्याळ बघून गोळी देत राहिले आणि व्रत आणखी कडक केलं. शेवटी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जेवणात काय होतं म्हणून विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "व्रताचं." तेवढंच. बाकी पुढं त्यांनीच ओळखलं. सात दिवसांनी हे घरी आले. मला कुणी एक शब्द बोललं नाही.

चंद्रिका तेव्हा शिकत होती. तिनं पुढं हाच विषय धरला. श्रावणात, रमजानमध्ये उपास धरणाऱ्या पेशंटांचं रक्त तपासायचं, आणि व्रत न मोडता त्यांना कसं जपायचं ते शोधायचं.

"अव्वा, लोक हसणार नाहीत गं. डॉक्टरच असतात तिथं."

"मग तर नकोच."

बाहेरच्या खोलीतून हे आले. दाढी अर्धी झालेली, गालाला साबण तसाच. "मला पण विचारा की कुणीतरी. आजार माझा, बक्षीस पोरीचं, आणि लाज हिला! हा कुठला न्याय?"

"अप्पा, तुमची परवानगी मी फोनवरच घेतली होती."

"घेतली व्हय? मी काय म्हणालो?"

"लई छान म्हणालात. माझा फोटो पण लाव म्हणालात."

"मग लाव की. दाढी केलेला लाव." ते माझ्याकडे वळले. "अगं, त्यात तुझा काय दोष? मीच हौसेनं जेवलो अळणी. पोरीनं बरोबर लिहिलंय."

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली. सहा वर्षं रोज पूजेत हातावर लिंग घेऊन बसते, तिथं देवाला सांगितलेलं या दोघांना कधी सांगितलं नव्हतं.

"बरोबर नाही लिहिलेलं," मी म्हणाले. "तुम्ही दहाव्या दिवशी मीठ मागितलं होतं."

चंद्रिकेनं लॅपटॉपवरून मान वर केली.

"शेंगांची चटणी मागितली होती तुम्ही. मी दिली नाही. म्हटलं, थोडे दिवस कळ काढा, अर्ध्यात सोडलं तर फळ मिळायचं नाही. तुम्ही जेवलात तसंच."

हे खाली बसले. साबण वाळून गालावर पांढरा झाला होता. "मला आठवत नाही," ते हळूच म्हणाले. मग साबण पुसत, "मी कधी मागितलं आणि तू दिलं नाहीस, असं एकदाच झालं असेल बघ."

मला रडू आलं. त्यांनी पुढं होऊन तवा खाली उतरवला. भाकरीचा कोळसा झाला होता.

चंद्रिका उठली नाही. लॅपटॉपकडे बघत म्हणाली, "अव्वा, दोन वर्षं आम्ही फक्त पेशंटला विचारत राहिलो. काय खाल्लंत, किती पाणी प्यालात. स्वयंपाक करणारीला एकदाही विचारलं नाही."

"ती सांगणार नाही."

"तू आत्ता सांगितलंस की."

मी डोळे पुसले. "मिठाचं पहिल्यांदा विचारलंस तर ती खोटं बोलेल. मी बोलले असते. आधी तिला विचार, ताई, व्रत कुणासाठी धरलंय? ते ऐकून घे सगळं. मध्ये बोलू नकोस. मग विचार, घरात अजून कोण कोण तुमच्याबरोबर पाळतं."

चंद्रिका टाइप करायला लागली. "शुक्रवारी हे बोलू?"

"बोल."

"आणि ती बाई?"

"तिनं मीठ दिलं नाही, असं लिही," मी म्हणाले. "का दिलं नाही, तेही लिही. आणि एक बाई नको. माझी आई, असं लिही."