जिन्याचं दार

"दार लाव रे, रासीम! वारं लागतंय मला!"

"कुठलं दार लावू? तिथं दारच नाही!"

मी अजून शेजारच्या अंगणातच होते, तरी ऐकू आलं. आमच्या आळीत सकाळ अशीच उगवायची. जोडे काढले, सपाता पायात सरकवल्या आणि आत शिरले. हायरिया शेगडीला चिकटून बसली होती. कमरेला लोकरीची शाल, डोक्याला रुमाल, आणि कपाळाला आठ्या. तिचा नवरा रासीम खांद्यावरचं पोतं शेगडीच्या पेटीत रिकामं करत होता.

"झुमरा, तूच सांग याला," ती खोकत म्हणाली. "सगळी ऊब जिन्यानं वर पळते. मी इथं गारठून मरते, आणि वर ऊब खातंय कोण? उंदीर!"

"उंदीर नाहीत," रासीम म्हणाला. "मी कालच बघून आलो."

मी कॉफीची पितळी किटली पुढं ओढली आणि तिघांना ओतली.

हायरिया न्यूमोनियातून उठून इस्पितळातून नुकतीच घरी आली होती. डॉक्टरीणबाईनं दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, बाईंना एका खोलीत ठेवा आणि ती खोली चांगली उबदार राहू द्या. पुन्हा गारठा बाधला तर माझ्याकडे उपाय नाही. रासीमनं मान हलवली, घरी आला, आणि शेगडीत भुशाच्या कांड्या जास्त ओतायला लागला. शेगडी लालबुंद व्हायची, तरी ऊब जायची ती वरच. ऊब ती, खाली थोडीच थांबते.

त्याचं घर तीन मजली. तळमजला दोघांचा, पहिला मजला थोरल्या एल्वेदिनचा, त्यावरचा धाकट्या निहादचा. आमच्याकडे बोस्नियात सगळे असंच बांधतात, जितके मुलगे तितके मजले. मुलगे मात्र राहिले नाहीत. एल्वेदिन ऑस्ट्रियात लिंत्सला गेला, निहाद स्वीडनला. निहादच्या मजल्याला बाहेरून गिलावासुद्धा नाही, नुसत्या लाल विटा, आणि गच्चीला कठडा नाही. कठड्यासाठी आणलेल्या ओकच्या फळ्या मागच्या छपरीत कधीच्या वाळत पडल्या होत्या.

लाकूड-कोळशाच्या जुन्या शेगड्या जाऊन पेलेटच्या आल्या, तेव्हा रासीमनं ही सगळ्यात मोठी घेतली. पेलेट म्हणजे दाबलेल्या भुशाच्या बोटाएवढ्या कांड्या. दुकानदार म्हणाला, काका, दोन माणसांना लहान पुरेल. हा म्हणाला, आम्ही दोन कुठं, नऊ आहोत. सुना, नातवंडं, सगळी धरली त्यानं. आणि शेगडी बसवली बरोब्बर जिन्याच्या पायथ्याशी, एकाच आगीत सगळं घर तापावं म्हणून.

गंमत अशी, की हा माणूस जन्मभर लाकूड कारखान्यात दारं करत होता. माझं पुढचं दार त्यानंच केलंय, आजवर कुरकुरलेलं नाही. तेव्हा भुसा नदीत टाकायचे. आता तोच भुसा पोत्यातून विकत घेतो आणि स्वतःवरच हसतो. अख्ख्या आळीला दारं दिली, पण स्वतःच्या जिन्याला दिलं नाही. एकदा मी छेडलं तर म्हणाला, "पोरांच्या घराला दार लावू? त्यांना काय वाटेल?"

आईला बघायला एल्वेदिन आला. दोन दिवसांची सुट्टी, बारा तास गाडी चालवून. रासीमची काय लगबग! वरची गादी उन्हाला दाखवली, चादर बदलली, पलंगाशी नव्या सपाता ठेवल्या. हायरियानं खोकत खोकत बटाट्याची पिता केली, म्हणजे पातळ पोळीत सारण गुंडाळून भाजतात ती; मी पीठ लाटून दिलं. पोरगं पोटभर जेवलं, आईचे हात हातात घेऊन बसलं, आणि मग वर झोपायला गेलं. रासीम जिन्याखाली उभा राहून वर बघत होता. त्याच्या तोंडावर असं समाधान मी फार दिवसांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर एल्वेदिन आईच्या पलंगापलीकडं, भिंतीलगत सतरंजीवर, पाय पोटाशी घेऊन झोपलेला. रात्री कधीतरी खाली आला असावा. रासीम मागच्या खोलीत झोपायचा, आणि एकदा झोपला की तोफ उडाली तरी उठत नाही, त्याला कुठला पत्ता!

मी काही विचारणार, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. रासीम वरून खाली येत होता. हातात तबक, तबकात भरलेला पेला, साखरेचा खडा, सगळं जसंच्या तसं. लेकाला उठवायला कॉफी घेऊन गेला होता.

एल्वेदिन उठून बसला.

"वर नाही झोपलास?" रासीमनं विचारलं.

"पडलो होतो बाबा. झोप नाही लागली."

"गार होतं का?"

"छे, मस्त उबदार होतं." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "बाबा, खरं सांगू? रात्री उठलो तर दिव्याचं बटण सापडेना. भिंत चाचपत बसलो. माझं घर म्हणता तुम्ही, आणि मला बटण कुठंय तेच माहीत नाही."

"दाराच्या डाव्या हाताला आहे," रासीम म्हणाला.

मग पोरगं खाली बघतच म्हणालं, "आम्ही तिकडं घर घेतलंय. किल्लीसुद्धा मिळाली. सांगणारच होतो तुम्हाला. निहादही स्वीडनचाच झालाय आता, तो बोलत नाही एवढंच. आईला बघा हो. कुणासाठी तापवताय एवढं? जिन्याला दार बसवा. तुम्हीच सुतार ना?"

"बास झालं तुझं," हायरिया म्हणाली. जन्मभर त्या दारासाठी ओरडणारी बाई, पण लेकावर डोळे वटारले. "रासीम, कॉफी इकडं दे ती. मी पिते."

एल्वेदिन दुपारी गेला. जाताना बापाला घट्ट मिठी मारली, डोळे पुसले. पोरगं वाईट नाही हो. वाईट असता तर चार शिव्या देऊन मी मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवसापासून छपरीतून करवतीचा आवाज यायला लागला. मी कुंपणावरून डोकावले. रासीम ओकच्या फळीवर रंधा मारत होता.

"काय करतोस?"

"दार."

"अरे, हे लाकूड कठड्याचं ना? निहादच्या?"

"पडणार कोण आहे तिथून?" तो म्हणाला आणि पुन्हा रंधा मारायला लागला. मी कुंपणापासून मागं झाले.

दार मात्र असं केलं, की बघत राहावं. चौकटीत बसवल्यावर त्यानं काडी ओढली आणि जळती काडी फटीफटीनं फिरवली. ज्योत जरासुद्धा हलली नाही. "नाही येणार आता वारं," असं म्हणून त्यानं काडी फुंकली.

हायरियाला खरंच बरं वाटायला लागलं. गालांवर रंग आला, खोकला गेला, शाल खुर्चीच्या पाठीवर पडून राहिली. डॉक्टरीणबाई खूश झाली. पण त्या घरातलं ओरडणंच संपलं, आणि मला सकाळी चुकल्याचुकल्यासारखं व्हायला लागलं. नऊ माणसांची शेगडी ती, दोघांच्या खोलीत पेटवायची म्हणजे अगदी बारीक ठेवायला लागायची. बारीक जळली की शेगडीची पुढची काच काळी पडे, आतली आग दिसेनाशी होई. रासीम रोज सकाळी ओल्या फडक्यानं काच पुसायचा. पुसून झाली की त्या नव्या दारावर तळवा ठेवून जरा वेळ उभा राहायचा. पलीकडचा गारठा लाकडातून हाताला लागत असेल. मी बघितलंय हे. हायरिया तर रोज बघत होती.

मार्च लागायच्या आधीची गोष्ट. कॉफी ओतून झाली होती. हायरियानं खुर्चीवरची शाल ओढली, खांद्यावरून हनुवटीपर्यंत गुंडाळली, डोक्याला रुमाल घट्ट बांधला, गुडघ्यांवर गोधडी घेतली.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"कुठं नाही." आणि मग पूर्वीसारखाच आवाज लावला. "रासीम! दार उघड रे!"

तो स्वयंपाकघरातून हात पुसत आला. "कुठलं?"

"आपल्याकडं किती दारं बाधतात मला? जिन्याचं."

"वारं लागेल तुला."

"लागू दे. जेवणापर्यंत राहू दे उघडं, मग लाव. भिंतींना ओल धरेल वर, मग पोरं आली की कुबट वास, कुबट वास करतील."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग कडी काढली. दार आवाज न करता उघडलं, आणि जिन्यावरून गारठ्याचा लोट खाली आला. रासीमनं शेगडी मोठी केली. कांड्या भराभर पडायला लागल्या, काचेमागं आग उभी राहिली. तो वर गेला. त्याची पावलं पहिल्या मजल्यावर वाजली, खिडकीशी थांबली, मग वरच्या मजल्यावर गेली.

हायरिया गोधडीत हात घालून छताकडं कान लावून बसली होती. माझे पाय गारठायला लागले होते. मी ते मुकाट्यानं खुर्चीवर घेतले आणि तिचा पेला भरला.