कोरं कापड चालणार नाही

मुलगी बाळंत झाली आणि जुळं निघालं. मुलीला वाटलं होतं, नवऱ्याने माहेरी कळवलं असेल. नवऱ्याला वाटलं, तिने. संसार असा परस्परविश्वासावर चालला होता. त्यामुळे निवृत्त पोस्टमास्तरांच्या घरी एकच गोधडी तयार होती आणि शनिवारी नातवंडं दोन यायची होती.

"एकाला गोधडी आणि दुसऱ्याला काय वर्तमानपत्र?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "जन्मभर ऐकवेल हो."

विकतची गोधडी पेन्शनीत बसत नव्हती. मास्तरीणबाईंचा गुडघा सुजलेला. म्हणून शिंपीणबाईंच्या दुकानातल्या जुन्या कापडांच्या अदलाबदलीला मास्तरांना पाठवायचं ठरलं.

"चिंध्यांची पिशवी दाराआड आहे. जेवढं द्याल तेवढं घ्यायचं. मऊ बघून आणा. आणि डोकं चालवू नका."

मास्तरांनी डोकं चालवलं. नातवंडासाठी चिंध्या काय न्यायच्या? पिशवी दाराआडच ठेवून, महिनाभराच्या बाहेरच्या चहावर पाणी सोडून त्यांनी कोरं कापड घेतलं. इतकं कडक, की भिंतीला टेकवलं तर उभं राहिलं असतं.

दुकानात शिंपीणबाईंनी ते गालाला लावलं आणि गाल चोळला.

"हे काय, मास्तर?"

"कोरं आहे!"

"ते कळलं. बाळाला गुंडाळायचंय की पार्सल करायचंय? इथे कोरं चालत नाही. दहा वर्षं धुवा, मग आणा."

अदलाबदलीला जमलेल्या सगळ्याजणी हसल्या. तेवढ्यात त्यांच्यातल्या बेकरीवालीचा हात मास्तरांच्या बाहीला लागला आणि तिचं हसू थांबलं.

"हा शर्ट कधीचा हो?"

"मुलीच्या जन्माआधीचा. पण तो अंगावर आहे."

"दिसतंय की." शिंपीणबाईंनी दुसरी बाही धरली होती. "साय आहे नुसती!"

"माझी नात महिन्याची आहे," बेकरीवाली म्हणाली. "हा द्या, माझा अख्खा ढीग न्या."

ढीग चांगला होता. मऊ, विरत आलेला, एका गोधडीला पुरेल असा. मास्तरांनी दुसऱ्या नातवंडाचा विचार केला आणि बटणं सोडली. शर्ट थंड होण्याआधीच कापला गेला.

बनियनवर ते भर रस्त्याने घरी आले. कोणी काही विचारलं नाही. निवृत्त माणसाला एवढी सवलत असते.

मास्तरीणबाईंनी आणलेल्या ढिगात हात घातला आणि खूश झाल्या. मग नवऱ्याकडे बघितलं.

"शर्ट?"

"दिला."

"दिलात? अहो, पहिल्या गोधडीला तोच मागत होते ना मी? तेव्हा 'अजून चांगला आहे' म्हणालात! जन्मभर धुतला मी, आणि त्यात झोपणार बेकरीवालीची नात!"

"मऊ बघून आणा, तूच म्हणालीस."

"आणा म्हटलं! देऊन या नाही म्हटलं!"

गोधडी मात्र झपाट्याने शिवली गेली. शनिवारी सकाळी काठाला हातभर कापड कमी पडलं. मास्तरीणबाईंची नजर घरभर फिरून मास्तरांच्या पायजम्यावर थांबली.

"हा नवा आहे," मास्तर म्हणाले.

"कधीपासून?"

"नवाच आहे."

"उभे राहा बघू."

दुपारी लेक-जावयासोबत दोन नातवंडं आली आणि दोघांना दोन गोधड्या मिळाल्या. मास्तर मांडीवर मोठी उशी घेऊन खुर्चीत बसले होते. ते काही स्वागताला उठले नाहीत.

जावयाला वाटलं, जुळ्याचं कळवलं नाही म्हणून सासरे अजून रागावलेत.