भागीदाराचं डुक्कर

लेइसावीच्या कडेवर बाळ होतं आणि डोक्यात जाळ.

"कोनफळं काढायची? आत्ता? अजून वेली हिरव्यागार आहेत, मामंजी!"

तिचे सासरे कालमेट, टोंगोआ बेटावरच्या या गावाचे मुखिया आणि शेतकरी संघाचे अध्यक्ष, चटईवर मान खाली घालून बसले होते.

"मदत संस्थेची माणसं येतायत गं. पीक हातात धरून फोटो हवाय त्यांना. भागीदार आहेत आपले."

"भागीदार म्हणे! माझ्या आईने दिलेल्या वाणाची कोनफळं वादळानंतर उरली ती फक्त माझ्या बागेत. पिकली की सगळ्या संघाला त्यांचंच बेणं द्यायचंय. कच्ची उपटली तर सडतील. मग पुढच्या वर्षी पोरांना काय, फोटो शिजवून घालायचा?"

बाळाने आजोबांची दाढी मुठीत धरली होती. कालमेट ती सोडवून घेईनात.

"बागेला बंदीचं पान लावा, मामंजी. नाहीतर बेणं घेऊन मी माहेरी चालले."

ते उठले. बागेच्या तोंडाशी त्यांनी नामेले या माडासारख्या झाडाची दोन पानं फुलीसारखी बांधली. त्यापलीकडे पाय टाकला तर मुखियाला डुक्कर द्यावं लागतं, हे इथल्या रांगत्या पोरालाही कळतं.

संस्थेची माणसं आली, तेव्हा त्यांच्या साहेबाला ते कळलं नाही. बायका चुलीशी होत्या, लेइसावी फणसाखाली बाळाला पाजत होती. "वा, स्वागताची कमान!" म्हणत त्याने पानं बाजूला सारली, आत शिरला आणि एक कोनफळ उपटलं.

बाळाला तसंच छातीशी धरून ती धावली. कोनफळ बाळाच्या दंडाएवढं होतं, कोवळं. मोडल्या जागी पांढरा चीक आला होता. तिने ते हिसकावून घेतलं.

"माफ करा, माहीत नव्हतं," साहेब म्हणाला.

"जाऊ दे गं," कालमेट पुटपुटले. "पाहुणे आहेत."

"पाहुणे कुठले? संघाच्या दारावर पाटी ठोकलीय ना, भागीदार म्हणून? पाहुण्याला सगळं माफ, मामंजी. भागीदाराने डुक्कर द्यायचं."

"पण आमच्या अंदाजपत्रकात डुकराचं खातंच नाही," साहेब गोंधळून म्हणाला.

"मग उघड की, बाबा!" चुलीपाशी कुणी म्हातारी ओरडली. हशा पिकला. लेइसावी हसली नाही. ती सासऱ्यांकडे बघत राहिली.

कालमेटांनी मान वर केली. "सुळेवालं डुक्कर आणा. तोवर या बागेत पाय नाही, आणि कुठल्या कागदावर संघाची सही नाही."

गाडी धुरळा उडवत गेली. लेइसावीने ते कोनफळ परत खड्ड्यात ठेवलं. जगणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी तिने माती हळूच दाबली, बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं करावं तशी.

मागे कोयत्याचा आवाज झाला. मामंजी नामेलेची ताजी पानं तोडत होते. या वेळी त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.