बोटाचा कौल

पौषातल्या वाऱ्याला आमच्या दुकानात कंठ फुटत असे. पश्चिमेच्या डोंगरांवरून उतरलेला गार झोत फळीवरच्या, इंजिनातून काढलेल्या रिकाम्या सिलिंडरांच्या तोंडावरून सरकला की ते एकामागून एक हुंकारू लागत, लहान तोंडाचे उंच, मोठ्याचे खोल. आणि त्या हुंकारांच्या मधोमध आमचे हे, काळवंडलेला तळवा एकेका तोंडावर ठेवून त्यांना निजवत असत.

आळे गावात यांचं इंजिनदुरुस्तीचं काम. पाण्याच्या पंपांची लहान डिझेल इंजिनं गावोगावहून येत. हत्यारं सगळी होती, पण यांची श्रद्धा डाव्या तर्जनीवर. डोळे मिटून ते बोट सिलिंडरात उतरवत आणि नखाने वरची कड चाचपत. पिस्टनच्या रिंगा जिथवर पोचत नाहीत, ती अरुंद पट्टी पहिल्या दिवसाइतकीच कोरी राहते. तिच्यापाशी नख जितकं अडेल, तितकी खालची भिंत झिजलेली. मग रिंग आत बसवून सिलिंडर उजेडाकडे धरत. झिजेच्या जागी प्रकाशाची बारीक कोर उमटे, यांच्या गालावर थरथरे, आणि मला वाटे, अवसेचा चंद्र लपायला इथंच येत असावा. "अजून दोन उन्हाळे," असा कौल ते देत. तो कधी चुकला नाही. गिऱ्हाइकं त्या बोटाकडे जरा भिऊनच पाहत.

नवी नवरी असताना मी मात्र हसायची. अक्कल तर अशी, की यांनी दिवसभर खपून एका सिलिंडराच्या आत तेल धरून ठेवणाऱ्या तिरक्या, बारीक रेघा पाडल्या, आणि या बाईसाहेबांनी ते ओरखडे समजून राखेने आणि काथ्याने तांब्यासारखे घासून काढले. वर पदर खोचून कौतुकाची वाट बघत उभी. यांनी बोट आत घातलं, माझ्याकडे पाहिलं.

"लई चकचकीत केलास. आता ह्यात दही लाव," एवढंच म्हणाले, आणि पुन्हा रेघा पाडायला बसले.

तीन हिवाळ्यांपूर्वी एका सकाळी यांनी आमच्याच विहिरीवरचं इंजिन दुकानात आणून खोललं. बोट आत गेलं ते बराच वेळ बाहेर आलंच नाही. उजवा तळवा छातीवर टेकलेला. वारा वाहत होता, तरी फळीवरचे सगळे सिलिंडर त्या घटकेला मुके.

"इंजिन एवढा कांदा काढंल," म्हणाले. "पुढचा न्हाई."

मी काय केलं? सदऱ्यावर उमटलेला काळा पंजा पाहून कुरकुरले, आणि दुसऱ्याच दिवशी एसटीने जुन्नरला जाऊन नवा पिस्टन आणि रिंगा घेऊन आले. त्या नवरीला हसते खरी, पण साठी ओलांडलेली ही शहाणी तिच्याहून काय मोठी दिवे लावत होती?

कांदा निघाला, साठवणीच्या चाळीत भरला, आणि त्याच आठवड्यात हे गेले. छातीत कळ आली, तेवढंच. इंजिन मात्र चालत राहिलं, आणि पिस्टनचा खोका कपाटात पडून राहिला.

यंदा लागवडीआधी तो बसवावा म्हणून अवसरीला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या नातीने इंजिन खोललं. ती गेज घालून वर, मध्ये, खाली, आडवं-उभं मापत होती, आणि मी मनोमन विनवत होते, झीज निघू दे. निघाली, तर त्या सकाळी यांनी इंजिनाचंच सांगितलं होतं. नाही निघाली, तर स्वतःचं सांगितलं होतं, आणि मी डॉक्टर गाठायचा सोडून पिस्टन आणायला गेले होते.

"आज्जी, काहीच झिजलं न्हाई गं. अजून धा वर्सं चालंल. हा पिस्टन आणायचं कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"तुझ्या आजीच्या," मी म्हटलं. "तिला लई कळतंय."

ती हसली, हात धुवायला गेली. मी हळूच बोट आत घातलं. सकाळपासून गार वाऱ्यात पडलेलं ते लोखंड गार लागायला हवं होतं. ते माणसाच्या अंगाइतकं उबदार होतं. नातीला मी हे सांगितलेलं नाही.

आता घरात कुणी नुसता उसासा टाकला, तरी आधी विचारते, दुखतंय कुठं. पण ज्यांना विचारायचं राहिलं, त्यांच्यापर्यंत मागे जाणारी वाट काळाने केव्हाच बुजवली आहे, आणि आठवण तेवढी रोज सकाळी उठून ती झाडत बसते.