आठवाला की चारवाला

वकीलबाईंनी आमच्या कागदात लिहिलं होतं, 'संगणक दोन, समान किमतीचे, प्रत्येकी एक.' मी तिथेच अडले. संसार मोडायचा तर मोडू, पण खोटं लिहून कशाला? आमच्या दुकानातले दोन्ही कॉम्प्युटर समान नाहीत, हे आमच्या द्वारका चौकातलं शेंबडं पोरही सांगेल. एकात आठ कोरचा, म्हणजे एकाच चिपमध्ये आठ कामकरी असलेला, एफएक्स प्रोसेसर, आमच्या लग्नाच्या वर्षी कोरा करकरीत घेतलेला. दुसऱ्यात चार कोरचा आय-फाइव्ह, तिसऱ्या जनरेशनचा, पुढे कुठल्याशा ऑफिसातून सेकंडहँड आणलेला. बारा वर्षं त्यांच्यावर आम्ही लग्नपत्रिका, जयंतीचे फ्लेक्स आणि वाढदिवसाचे बॅनर केले.

"आधी तपासून घेते, मग सही," मी म्हणाले.

शेजारच्या खुर्चीतून माझा नवरा धम्मपाल म्हणाला, "तू बघ."

या दोन शब्दांनी माझं डोकं फिरतं. भाजी कुठली, तू बघ. दुकानाचा रंग, तू बघ. लोकांना वाटायचं, काय गुणी नवरा आहे, बायकोच्या शब्दाबाहेर नाही. चार वर्षांपूर्वी मला सातवा महिना होता आणि बीपी चढलं. डॉक्टर म्हणाले, आत्ता बाळ बाहेर काढलं तर आई वाचेल, बाळाचं सांगता येत नाही. थांबलो तर बाळाला संधी मिळेल, पण आईचा भरवसा नाही. धम्मपाल माझ्या खाटेशी आला, कपाळावर हात ठेवला आणि म्हणाला, "चैताली, तू बघ." मी सही केली. मुलगी झाली, दोन दिवस काचेच्या पेटीत जगली आणि गेली. नाव ठेवायचंही राहिलं.

त्यानंतर आम्ही फक्त कामाचं बोलत राहिलो. वेगळं व्हायचं मीच काढलं. त्यालाही तो तेच दोन शब्द म्हणाला. तो मालेगावला एका छापखान्यात लागणार आणि दुकान माझ्याकडे राहणार, असं ठरलं. पण लाज सोडून सांगते, शेवटची सही होईपर्यंत मला आशा होती. एकदा तरी हा माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणेल, नको, थांब. तेवढ्यासाठी मी ते कॉम्प्युटरचं खुसपट काढलं होतं.

रविवारी दुपारी सोमा अर्ध्या शटरखालून दुकानात आला. आमच्या मशिनी पहिल्यापासून तोच दुरुस्त करतो. त्याने दोन्ही कॅबिनेट उघडून ब्रशने धूळ काढली, रॅम दोन्हीत सारखी केली आणि म्हणाला, "वहिनी, नेटवरचे आकडे आपल्याला नाय कामाचे. तुमचं रोजचं काम द्या, त्याच्यावर घेऊ."

मी लग्नपत्रिकेची एक जड फाइल दिली. नक्षी, सोनेरी बॉर्डर, सगळा भरणा. सोमाने मोबाइलवर वेळ लावली. चारवाल्याने ती अठरा सेकंदांत उघडली. आठवाल्याला सत्तावीस लागले.

"हे कसं काय?" मला राग आला. "आठ आहेत ना त्याच्यात?"

"आठ हायेत, पण हे काम वाटून देता येत नाय. एकट्यावर पडतं, बाकीचे बसून ऱ्हातात. आणि ह्याचा एकेकटा जरा हळूच हाय. चारवाल्याचा एकेकटा लय खमका."

मी धम्मपालकडे पाहिलं. तो माउसची वायर सरळ करत होता.

मग सोमाने साठ फोटो एकाच वेळी लहान आकाराचे करायला लावले. इथे आठवाला जिंकला, तीस सेकंद राखून. काम वाटून दिलं की तो कुणाला ऐकत नाही. पण तो तापतो, वीज जास्त खातो आणि त्याचा बोर्ड गेला तर आता सहजी मिळत नाही, असंही सोमाने सांगितलं. जुन्या बाजारात दोघांनाही सारखंच कुत्रं विचारत नाही. म्हणजे वकीलबाईंचं बरोबरच होतं म्हणायचं.

"मग वहिनी, कोणाला कोणता?"

"आज मी बघणार नाही," मी म्हणाले. "हा निवडेल. हा निवडेपर्यंत शटर उघडायचं नाही."

मला वाटलं, तासभर बसेल आणि शेवटी सोमाच्याच गळ्यात घालेल. पण धम्मपालने वायर खाली ठेवली.

"चारवाला मी नेतो. मालेगावला लाइट जाते-येते, तो यूपीएसच्या बॅटरीवर जास्त टिकेल. तिथे मला नुसतं टायपिंग आणि पत्रिका आहेत, त्याला तो पुरेल. तुला फ्लेक्सचे फोटो असतात, तुला आठवाला लागेल. बोर्डाचं सोमा बघेल."

एका दमात बोलला. एकही शब्द चुकीचा नव्हता. मला बरं वाटायला हवं होतं, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"येतं की तुला निवडता! मग त्या दिवशी काय झालं होतं? दवाखान्यात तोंड शिवलं होतं का?"

सोमा चहा आणतो म्हणून शटरखालून वाकून बाहेर गेला.

"त्या दिवशी पण निवडलं होतं," धम्मपाल म्हणाला.

"काय?"

"तुझ्याकडे यायच्या आधी. बाहेर पॅसेजमध्ये डॉक्टरांना सांगितलं, काहीही करा, ही जगली पाहिजे. ते म्हणाले, पेशंट शुद्धीवर आहे, सही त्यांचीच लागेल. मग आत आलो."

"आणि मला म्हणालास, तू बघ."

"तू सही केली नसतीस तर पाय धरणार होतो तुझे. पण माझ्या सांगण्यावरून केली असतीस, तर म्हणाली असतीस, माझ्या पोरीला ह्यानं मारलं. ते मला सोसलं नसतं, चैताली."

"म्हणून ते मी सोसलं," मी म्हणाले. "चार वर्षं. मी स्वतःचा जीव निवडला आणि पोरीला मारलं, हे उराशी धरून रोज झोपले. तू शेजारी होतास. तुला दिसत होतं. एकदा, फक्त एकदा म्हणायचंस, की आपण दोघांनी ठरवलं."

तो रडायला लागला. मी त्याला रडताना कधी पाहिलं नव्हतं, दवाखान्यातसुद्धा नाही. मग तोंड पुसून म्हणाला, "आत्ता म्हणू? नको, थांब म्हणू? सही नको करूस म्हणू?"

हेच मला हवं होतं. किती दिवस, किती रात्री मी याच वाक्यासाठी कान लावून बसले होते. आणि ते आलं तेव्हा ते घ्यायला माझ्यात काही उरलं नव्हतं. ज्याने मला चार वर्षं एकटीला जळताना पाहिलं, त्याच्या शेजारी मला पुन्हा झोपता आलं नसतं.

"नाही," मी म्हणाले.

सोमा चहा घेऊन आला. तिघांनी तो उभ्याने प्यायला. मग सोमाने चारवाल्याच्या वायरी काढल्या, कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळलं आणि रिक्षा थांबवली. धम्मपाल कीबोर्ड काखेत घेऊन बाहेर पडला. मी शटर खाली ओढलं आणि जमिनीवर बसून त्या पोरीसाठी मोठ्याने रडले. आजवर तिच्यासाठी रडताना मी गुन्हेगार असायचे, आज नुसती तिची आई होते. माझ्याबरोबर तिच्यासाठी रडू शकेल असं जगात अजून एकच माणूस होतं, आणि ते द्वारकेच्या सिग्नलला रिक्षात मांडीवर कॉम्प्युटर घेऊन बसलं होतं.